तुतीच्या ठोकळ्याची सपाटी

तीर्थरूप ताई,

उभ्याउभ्याच नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण सध्या कंबर धरली आहे, आणि जे करता येत नाही ते लिहू नये असं मला वाटतं. (कंबर का धरली ते पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? नव्या चष्म्याने वर्तमानपत्र वाचता येतं की अजून मथळ्यांवरच भागवता? फाटकाजवळच्या त्या कुत्रीला पिल्लं झाली का? माझी तब्येत ठीक आहे. जेवतो. झोपतो. कपडे धुतो. हे प्रश्न तुम्ही फोनवर दर वेळी विचारता म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली.

फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही "काय म्हणता?" असं विचारता, मी "ठीक" म्हणतो, आणि मग दोन्हीकडे नुसता श्वास ऐकू येतो. पूर्वी असं झालं की तुमची बहीण माझ्या हातातून फोन काढून घ्यायची आणि पुढे तुमचं दोघींचं चालायचं. आता काढून घेणारं कोणी नाही, त्यामुळे फोन हातातच राहतो. मागच्या खेपेला तुम्ही "अहो, आहात की ठेवलात?" असं विचारलंत तेव्हा मी मान हलवली होती. मान हलवलेली फोनवर दिसत नाही हे तुम्ही ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणून हे पत्र.

त्याच फोनवर तुम्ही म्हणालात, "तिची यंत्रं विकून टाका, घर बंद करा आणि इकडे या. एवढ्या घरात एकटे काय भिंती मोजत बसलात?" ताई, भिंती मोजून झाल्या. एकही काटकोनात नाही. तुम्ही आणखी एक म्हणालात, की त्या वाडग्याचं आता राहू द्या. ते मात्र मी राहू दिलेलं नाही, आणि त्याचीच हकीगत सांगायची आहे. ती फारशी चांगली नाही, म्हणून जरा आडवळणाने सांगतो.

आधी डब्याचं. डबा तुमच्याबरोबर नीट पोचला ना? (तुमचा तो निळा, गोल, पत्र्याचा डबा, जो तुम्हा दोघी बहिणींमध्ये इतकी वर्षं ये-जा करत होता आणि जो रिकामा पाठवायचा नाही असा तुमचा कायदा होता. एकदा घालायला काही मिळेना तेव्हा तिने त्यात माझे दोन नवे रुमाल घालून पाठवले होते. ते परत आले नाहीत.) विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या डब्याच्या झाकणाच्या कडेला जो पोचा आहे तो मी घातलेला नाही. तुम्ही आल्यागेल्याला झाकण दाखवून "हा आमच्या मेव्हण्यांचा पराक्रम" असं म्हणत आलात आणि मी ऐकून घेत आलो. झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने दाराच्या कडीवर आपटलं. नेमका तेव्हा तुमचा फोन आला. तिने एका हाताने फोन धरला, दुसऱ्या हाताने मला गप्प बसायची खूण केली आणि म्हणाली, "अगं, ह्यांनीच. ह्यांचा हात जड." मी गप्प बसलो. गप्प बसणं मला तसंही जमतं. आता सांगायला हरकत नाही असं वाटलं म्हणून लिहिलं, आणि लिहून झाल्यावर वाटतंय की हरकत होती. पण शाईने लिहिलंय, आणि खाडाखोड केलेला कागद मला पाठवता येत नाही.

आता ठोकळ्याकडे वळतो. तुमच्या परसातलं तुतीचं झाड वादळात आडवं झालं तेव्हा त्याच्या बुंध्याचा एक तुकडा तुम्ही टेम्पोने इकडे पाठवलात आणि तिने तुम्हाला त्याचा वाडगा करून द्यायचं कबूल केलं, हे तुम्हाला आठवत असेलच. तिने त्याच्या दोन्ही टोकांना मेणबत्त्या वितळवून मेण थापलं (टोकं लवकर वाळली तर लाकूड फाटतं म्हणे) आणि तो जिन्याखाली ठेवून दिला. लाकूड वाळायला त्याला लागायचा तेवढा वेळ लागला. तोवर तिचं आजारपण आलं. शेवटच्या हिवाळ्यात एकदा मी औषधं घेऊन परत आलो तेव्हा ठोकळा जिन्याखालून बाहेर काढलेला होता आणि त्याच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीने एक वर्तुळ काढलेलं होतं, मधोमध एक ठिपका. "एवढा जड ठोकळा एकटीने ओढलास?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "ओढला नाही. समजूत काढली, तर आपणहून आला." एवढंच. ते वर्तुळ तिने कशाभोवती पेन्सिल फिरवून काढलं ते मला माहीत नाही. ती कंपास वापरत नसे. समोर जी गोल वस्तू असेल ती लाकडावर उपडी घालायची आणि पेन्सिल फिरवायची. पातेली, ताटल्या, घड्याळाची काच, एकदा माझी टोपी. मी तिला चांगला पितळी कंपास आणून दिला होता. त्याच्या टोकाने ती चपलांच्या पट्ट्यांना भोकं पाडायची.

तर वाडगा लेथवर (लाकूड फिरवून कातायचं तिचं ते यंत्र) चढवायचा म्हणजे ठोकळ्याची निदान एक बाजू सपाट लागते, कारण तिथे लोखंडी चकती बसवतात आणि मग सगळं त्या चकतीबरोबर फिरतं. हे सपाटीचं काम ती कोपऱ्यावरच्या सुताराकडून करून आणायची. तुम्ही त्याला पाहिलंय. कोणतीही वस्तू दाखवण्याआधी तो तिच्यावर फुंकर मारतो म्हणून सगळे त्याला फुंकरशेठ म्हणतात. मी ठोकळ्याचं विचारायला गेलो तर दुकानात सुतारकाम बंद आणि तयार कपाटं उभी. त्याने एका कपाटावर फुंकर मारली आणि म्हणाला, "आता लाकूड कोण घेतं, साहेब? सगळा चिकटवलेला माल. रंधा मारायला गेलं तर आत भुसाच निघतो." मग त्याने फळीखालून विजेवर चालणारा एक रंधा काढला, त्यावर फुंकर मारली (माझा चष्मा भरला) आणि तो माझ्यापुढे ठेवला. "हा घेऊन जा. तुमचं तुम्हीच करा. एकहाती वापरलेला आहे."

"कोणी वापरलाय?"

"मीच की."

"मग विकताय कशाला?"

"मी वापरलाय म्हणूनच. मला माहीत आहे ना तो कसा आहे."

एवढं स्पष्ट सांगणारा विक्रेता मला माझ्या सबंध नोकरीत भेटला नाही. मी घेतला. तुम्ही म्हणाल, हातात इस्त्री धरायला घाबरणाऱ्या माणसाने हे कशाला केलं? त्याला कारण आहे. ताई, मी आरशांच्या कारखान्यात जन्म घालवला. काच सपाट आहे की नाही एवढंच बघायचं आणि नसली तर नापास करायची, हे माझं काम. सपाटी म्हणजे काय ते मला कळतं. मला वाटलं, बाकी वाडग्यातलं मला काही येत नाही, पण एवढा भाग माझा आहे. तिच्या कामात माझा म्हणून एक भाग असावा असंही वाटलं असेल. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

यंत्राचं वर्णन करतो. इस्त्रीएवढं असतं, पण रागावलेल्या इस्त्रीसारखं. खाली दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये पाती बसवलेला एक रूळ, जो इतक्या वेगाने फिरतो की पाती दिसत नाहीत. पुढची मूठ फिरवली की पातं किती खोल जाणार ते ठरतं. नव्या यंत्रात ते ठरतं. आमच्या यंत्रात ते सुचवलं जातं. आपण अगदी वरवर लावायचं, दोन हात जाईपर्यंत मूठ आपली आपणच फिरते आणि यंत्र आपल्याला हवं तेवढं घेतं. शिवाय बटण सोडलं तरी रूळ बराच वेळ फिरत राहतो. हे मला फुंकरशेठने सांगितलं नव्हतं. (विचारल्यावर म्हणाला, "ते तर सगळ्यांनाच माहीत असतं.") पहिल्या दिवशी मी बटण सोडलं, यंत्र टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसायला लागलो. चष्मा डोळ्यांवर येईपर्यंत यंत्र टेबलावरून चालायला लागलं होतं. घाई न करता, एखादा पेन्शनर सकाळी फिरायला निघावा तसं. टेबलाची एक पट्टी त्याने सोलून काढली, मग काठावरून माझ्या चपलेवर उतरलं, चपलेचा अंगठा घेतला आणि वायर ताणली जाऊन प्लग निघाला तेव्हा थांबलं. पाय चपलेत नव्हता. मी त्या वेळी दुसरी चप्पल घालून एका पायावर उभा होतो, त्याचं कारण सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकळा घेतला. मी आधी त्याच्या बाजू काटकोनात आणल्या. साल काढली, कडा सरळ केल्या, पोलादी पट्टी लावून खिडकीच्या उजेडात बघितलं, पट्टीखालून जिथे उजेड दिसला नाही तिथे पुन्हा रंधा मारला. या यंत्राला आणखी एक खोड आहे. सुरुवातीला आणि शेवटी ते जरा जास्त खातं, त्यामुळे दोन्ही टोकं बसतात आणि मधला भाग उंच राहतो. मधला उतरवावा तर पुन्हा टोकं बसतात. असं करता करता मी, वर्तुळाची बाजू आणि मेणाची टोकं सोडून, ठोकळ्याच्या सगळ्या बाजू आरशासारख्या सरळ केल्या, आणि त्यात ठोकळा बराच लहान झाला. वरून तपकिरी पडलेलं तुतीचं लाकूड आतून पिवळंधमक असतं. खोलीभर पिवळ्या ढलप्या उडाल्या. मी समाधानाने खुर्चीत बसलो आणि तेव्हा मला तिचे जुने ठोकळे आठवले. ते लेथवर चढायचे तेव्हा त्यांच्या अंगावर साल तशीच असायची, खाली फक्त चकतीपुरती जागा सपाट. मी एकदा म्हटलंही होतं की हे काटकोनात नाही. तेव्हा तिने हातातलं काम न थांबवता विचारलं होतं, "वाडग्याला कोपरे असतात का हो?"

म्हणजे बाजूंची सगळी मेहनत फुकट होती. पण फुकट गेलेल्या मेहनतीचा एक दुर्गुण असा की ती वाया जाऊ नये असं वाटत राहतं. बाजू सरळ झाल्याच आहेत तर मी दोन तिरक्या रेघा मारून ठोकळ्याचा मध्य काढला. आणि ताई, तिचा ठिपका मध्यावर नव्हता. चांगला दोन बोटं डावीकडे होता. मी पुन्हा मोजलं. वर्तुळ सबंधच डावीकडे सरकलेलं होतं, आणि डाव्या कडेला जेमतेम जागा उरली होती. तुम्हाला आठवतं, त्या दिवसांत तिचा हात थरथरायचा. कप बशीवर वाजायचा आणि आपण दोघं तो आवाज ऐकू न आल्यासारखं करायचो. मला वाटलं, पेन्सिल धरता आली नसेल, वस्तू सरकली असेल, आणि तिला ते कळलं नसेल. मला वाटलं, तिची ही चूक मी कोणाला न सांगता दुरुस्त करावी. तुम्हालासुद्धा सांगणार नव्हतो. यंत्र वरवर लावलं, म्हणजे तशी विनंती केली, आणि तिचं वर्तुळ रंध्याने काढून टाकलं. ठिपक्यासकट. मग कंपास घेऊन बरोबर मध्यावर माझं वर्तुळ काढलं. अगदी नेमकं आलं होतं.

माझ्या वर्तुळात, उजव्या कडेजवळ, एक चीर होती.

आधी वाटलं केस पडलाय. फुंकर मारली (मलाही आता सवय लागली आहे). हलला नाही. मग वाटलं वरवरची असेल, एक हात मारला की जाईल. एक हात मारला, ती गेली नाही, रुंद झाली. आणखी मारला. यंत्राला तर आनंदच होता. ठोकळा उंचीने निम्मा होईपर्यंत मी त्या चिरेच्या मागे गेलो, आणि मग यंत्र बंद करून, रूळ थांबेपर्यंत ते दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. शेवटी ठोकळा उभा करून त्याचं टोक बघितलं. चीर उजव्या बाजूने आत येत होती, आणि टोकावर जिथे ती सुरू होत होती नेमक्या तिथे मेणाचा थर बाकीच्यापेक्षा जाड थापलेला होता, अंगठ्याने दाबून दाबून. तिला माहीत होती. तिने ती बघितली होती, आणि तिला टाळून वर्तुळ डावीकडे काढलं होतं. हात थरथरत असेल. वर्तुळ जिथे हवं तिथेच होतं.

ताई, कारखान्यात माझ्या हातून एकही चांगली काच कधी नापास झाली नाही. ही पहिली.

यानंतर मी जे केलं ते शहाणपणाचं होतं असं म्हणत नाही. ढलप्यांमध्ये कुठेतरी ती पेन्सिलीची रेघ असणारच, असा विचार मी केला. वस्तू नाहीशी होत नाही, तिचे तुकडे होतात. मी जमिनीवर बसलो (कंबरेचं मूळ हेच) आणि ढलप्या निवडायला लागलो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वर आली. तिच्या हातात काळ्या मखमलीचा एक कोट होता आणि त्यावर पिवळ्या ढलप्या. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि तिने तो कोट खाली दोरीवर हवेला टांगला होता.

"भाऊ, वर काय चाललंय? माझ्या मशीनची सुई आपली आपणच शिवायला लागलीय! आणि हे बघा. गिऱ्हाईक म्हणेल, बाईंनी भरतकाम फुकट करून दिलं."

मी माफी मागितली आणि तिला म्हटलं, कोट झटकू नका. ती म्हणाली, मग काय तसाच घालू देऊ? मी म्हटलं, त्यातली प्रत्येक ढलपी मला बघायची आहे.

"काय आहे तिच्यात?"

"पेन्सिलीची रेघ."

तिने माझ्याकडे बघितलं, मग ठोकळ्याकडे, मग कोपऱ्यातल्या लेथकडे, ज्याच्यावर अजून तुमच्या बहिणीचा एप्रन टांगलेला आहे.

"वहिनींची?"

"हो."

"मग दिवा लावा की. असल्या उजेडात काय डोळे फोडताय." आणि ती कोटासकट खाली बसली.

दुपारभर आम्ही दोघं ढलप्या निवडत होतो. मला एक मिळेपर्यंत तिला चार मिळायच्या. (तिचा व्यवसायच पडलेल्या सुया शोधण्याचा आहे असं ती म्हणाली. कपडे शिवणं हा जोडधंदा.) तिने एक काळं कापड अंथरलं आणि रेघ असलेल्या ढलप्या त्यावर मांडल्या. प्रत्येकीवर नखाएवढी, किंचित वाकलेली रेघ. आता वर्तुळाचा एक लहानसा तुकडा मिळाला तरी त्यावरून अख्खं वर्तुळ किती मोठं ते काढता येतं, हे गणित मला पाठ आहे. मी ते केलं. पहिल्या ढलपीवरून वर्तुळ कोटाच्या बटणाएवढं आलं. दुसरीवरून आलं ते या खोलीत मावलं नसतं. लाकडाची ढलपी निघताना वळते आणि वाळताना आणखी वळते, हे गणिताला माहीत नसतं. शिंपीणबाई म्हणाली, "भाऊ, वाडगा करायचाय की मांडव घालायचाय?" मग तिने एक ढलपी उचलून बाजूला टाकली. तिच्यावरची रेघ मध्येच आत दबल्यासारखी वाकडी होती. "ही नको. इथे वहिनींचा हात हलला असेल." पण नापास माल फेकायचा नाही, वेगळा ठेवायचा, ही माझी जुनी सवय आहे. ती ढलपी मी काडेपेटीत घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी ती कोट घेऊन खाली गेली. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "उद्या रंधा चालवायचा असेल तर आधी हाक मारा. मी दोरीवरचं काढते, आणि मशीनला सुट्टी देते." तिचं मशीन माझ्या रंध्याहून जुनं आहे आणि अजून सरळ चालतं.

तर परिस्थिती अशी आहे. ठोकळा चार बोटं उरला आहे. चौकोनी आहे, सपाट आहे, पट्टीखालून कुठेही उजेड दिसत नाही, आणि तो कशाच्याही उपयोगाचा नाही. कंपासने डावीकडे दुसरं वर्तुळ काढता येईल हे मला कळतं. दोन वेळा कंपास लावला आणि उचलून ठेवला. ते वर्तुळ बरोबर येईल, पण ते माझं असेल, आणि तुम्हाला वाडगा मी कबूल केलेला नव्हता. तेव्हा तुम्ही म्हणता तेच खरं, असं वाटायला लागलं आहे. वाडग्याचं राहू द्यावं. लेथ कोणीतरी घेईल. रंधा फुंकरशेठ परत घेणार नाही, कारण त्याला माहीत आहे तो कसा आहे. घर आवरायला थोडे दिवस लागतील, पण मी तुमच्याकडे यायचा विचार करतो आहे. मला कुठलीही खोली चालेल. भिंती मोजणार नाही.

गुडघ्यांना जपा. जिने चढू नका. फोन आला तर उचलीन.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. विचार केला. येत नाही. राग मानू नये. वरचं पत्र पाकिटात घालून झालं होतं, पुढचं घडलं म्हणून परत उघडलं आहे. पाकीट फाटल्याने दुसरं घेतलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना मनात सारखं येत होतं की डब्याच्या पोच्याबद्दल उगाच लिहिलं, तिने ते माझ्या नावावर घातलं होतं तर तिथेच राहू द्यायचं. आणि तसाच हात थांबला. खिशातली काडेपेटी काढली. शिंपीणबाईने नापास केलेल्या ढलपीवरची रेघ जिथे आत दबली आहे, तिथे तिचा हात हललेला नाही. तिथे झाकण दबलेलं आहे. तो पोचा आहे, ताई. तिने वर्तुळ तुमच्या डब्याच्या झाकणाभोवती काढलं होतं. शिंपीणबाईला वर बोलावून दाखवलं. ढलपी उजेडात धरून ती म्हणाली, "मी हिला टाकत होते हो," आणि पदराने चष्मा पुसायला लागली. तुम्ही जाताना डबा बरोबर घेऊन गेलात, त्यामुळे वर्तुळ कशाचं ते शोधायला मी घरातली सगळी झाकणं काल उगाच तपासली. तेव्हा ते झाकण मला हवं आहे. पत्र लिहिण्याचं कारण हेच आहे, फक्त लिहायला बसलो तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

ता. क. तिसरा. डावीकडची कड मी सरळ करण्याच्या नादात खाल्ली आहे, त्यामुळे झाकण तिथे बसेल की नाही ते ठेवून बघितल्याशिवाय कळणार नाही. आठवणीने अंदाज घेतला तर बसतं, पोच्याची बाजू त्या कडेला लावली तर. वाडगा खोल होणार नाही, पसरट होईल. तिच्या लेथमास्तरांना फोन केला होता. (मीच केला. बोललो.) ते म्हणाले, या, शिकवतो, पण पहिले बरेच वाडगे फुटतील, तुतीला शेवटी हात लावायचा. मी म्हटलं, थांबायला तुतीची हरकत नाही, ती थांबलेलीच आहे.

ता. क. चौथा आणि शेवटचा. झाकण पोस्टाने पाठवू नका. वाटेत आणखी एखादा पोचा पडला तर तिचा कुठला हे मला ओळखता येणार नाही. स्वतः घेऊन या, आणि झाकणाबरोबर डबाही आणा. ती त्याच झाकणावर का गेली असेल ते मी आज दिवसभर मोजतो आहे. त्या मापाचा वाडगा लेथवर कडेने थोडासा उतरला की बरोबर त्या डब्यात बसतो. तिच्यानंतर इथून जाताना त्या दिवशी तुम्ही डबा रिकामाच घेऊन निघालात. मी दारात उभा होतो, मला दिसलं होतं, पण काय घालावं ते सुचलं नाही. या वेळीही रिकामाच आणा, कायदा मोडला तरी चालेल. परत नेताना त्यात काय न्यायचं ते तिने ठरवून ठेवलं आहे.